उद्या सकाळी निघून जाता येईल का? मानवी तस्करी ओळखायला शिकणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सरकारी कागदावर याला ‘अनैतिक मानवी वाहतूक’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो आरटीओचा विषय वाटला होता. वर्तमानपत्रं ‘मानवी तस्करी’ लिहितात, मग डोळ्यांपुढे सीमा, कंटेनर, रात्रीचा ट्रक असलं काहीतरी येतं. गावात मात्र यातला एकही शब्द कुणी वापरत नाही. गावात म्हणतात, “कामाला नेलंय”, “उचल घेतलीय”, “पोरीला लांब दिलंय”. आपल्याला ओळखायचं ते या बोलीतून.

हे लिहितोय ते या कामात नव्यानं पडलेल्यांसाठी. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक, मंडळाची पोरं, आणि ग्राम बाल संरक्षण समितीवर ज्यांचं नाव लागलंय पण करायचं काय ते कुणीच सांगितलेलं नाही असे सदस्य. ती समिती गावोगावी कागदावर असते. त्यामुळे शेवटचा गट मोठा आहे.

पहिली पायरी : डोक्यातली पांढरी व्हॅन काढून टाका

‘पोरं पळवणारी टोळी आलीय’ हा व्हॉट्सअॅप मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याच अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. पोरं पळवायला नाही, पोट भरायला गेले होते. म्हणून नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हे सांगतो की असला मेसेज पुढे पाठवणं म्हणजे जागरूकता नव्हे. अनोळखी फिरस्त्यांकडे बोट दाखवणारं मार्गदर्शन कुणी देत असेल तर ते ऐकू नका.

खऱ्या प्रकरणांत नेणारा माणूस बहुतेकदा ओळखीचाच निघतो. लांबची मावशी, मजुरांची टोळी नेणारा मुकादम, लग्न जमवणारा, ‘पुण्यात चांगलं काम आहे’ म्हणणारा पाहुणा. तो घरात बसून चहा पितो, पोरांना बिस्किटाचा पुडा आणतो. आणि पैसे आधी देतो.

दुसरी पायरी : कायदा काय म्हणतो, थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम १४३ तस्करीचं. जुन्या दंडविधानात ते ३७० होतं, आणि पोलीस ठाण्यात अजून पुष्कळ जण ‘तीनशे सत्तर’च म्हणतात. त्यात तीन गोष्टी बघतात. माणसाला मिळवलं, नेलं, ठेवलं किंवा दुसऱ्याच्या ताब्यात दिलं का? त्यासाठी जबरदस्ती, धमकी, फसवणूक, आमिष किंवा हाताखाली असल्याचा गैरफायदा वापरला का? आणि हेतू शोषणाचा होता का? शोषणात देहविक्रय येतो, गुलामीसारखं काम येतं, अवयव काढणं येतं, आणि नव्या संहितेनं भीक मागायला लावणंही त्यात घातलंय.

सीमा ओलांडायची अट कुठंच नाही. अक्कलकोटहून सोलापुरात आणलेलं माणूसही यात बसतं. दुसरं, पीडित व्यक्तीनं ‘हो’ म्हटलं होतं की नाही, याला कायदा किंमत देत नाही. ‘ती आपल्या पायानं गेली’ हे वाक्य ठाण्यात आणि चावडीवर हमखास ऐकू येतं. त्याला हे उत्तर पाठ असू द्या.

एका पीडिताच्या प्रकरणात शिक्षा किमान सात वर्षं. पीडित मूल असेल तर किमान दहा, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. मी एकच प्रश्न बरोबर घेऊन फिरतो : या माणसाला उद्या सकाळी उठून निघून जायचं असेल तर जाता येईल का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘पैसे फिटल्यावर’ असं आलं, की थांबायचं आणि खोलात जायचं.

तिसरी पायरी : आपल्याकडे हे कुठं आणि कसं दिसतं

ऊस आणि वीट. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत. दिवाळी आटोपली की ट्रॅक्टरच्या मागं संसार बांधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, आणि आपल्या दुष्काळी गावांतूनही माणसं बाहेर जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम कोयत्यामागं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, हंगामात ती फेडायची. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, त्याचा दंड वेगळा.

उचल घेणं किंवा देणं हा गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट करतो, नाहीतर उत्साही कार्यकर्ते प्रत्येक फडात पोलीस घेऊन जातील. मुकादमही कारखान्याकडून किंवा गाडीमालकाकडून पैसे उचलून बसलेला असतो. दोघातिघांकडून उचल घेऊन गायब होणारे मजूर आहेत, आणि त्यापायी देशोधडीला लागलेले मुकादमही मी पाहिलेत. पण उचल फिटेपर्यंत माणूस अडकवून ठेवला, बाजारात एकट्याला जाऊ दिलं नाही, वसुलीसाठी पोरगं ठेवून घेतलं, किमान वेतनापेक्षा कमी दिलं, की ती वेठबिगारी झाली. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्या कायद्यानं असलं कर्ज आपोआप रद्द होतं, आणि ‘हे वेठबिगारीचं कर्ज नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते, मजुरावर नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं हे राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीचं काम आहे.

एका वीटभट्टीवरची वही मला अजून आठवते. दोनशे पानी, कव्हरवर बालाजीचं चित्र. मजुराच्या नावाचं पान मालकाच्याच अक्षरात. उचल. गाडीभाडं. तांदूळ. तेल. दवाखाना. परत तांदूळ. पोरीचे कपडे. पुन्हा दवाखाना. प्रत्येक ओळीपुढं आकडा, पान संपलं तिथं अंगठा. पान दोनदा चाळलं तरी मला एक गोष्ट सापडेना. विटांची ओळच नव्हती. पाच महिन्यांत त्या जोडप्यानं किती विटा पाडल्या, हे त्या वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. खर्च मोजायची सोय होती, काम मोजायची नव्हती. मग उचल फिटणार कशी? तेव्हापासून कुठंही वही बघायला मिळाली की मी आधी कामाची ओळ शोधतो.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जून २०२३ मध्ये विहीर खोदणाऱ्या ११ मजुरांना पोलिसांनी सोडवलं. रात्री पळू नयेत म्हणून त्यांना साखळीनं बांधत. त्यातला एक निसटला, म्हणून बाकीचे सुटले. म्हणजे बार्शीहून तासाभराच्या टापूत हे चाललं होतं.

लग्न. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याकडं अविवाहित तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले, व्हिडिओ फिरले. मागणी मात्र हसण्यासारखी नव्हती. मुलीच कमी आहेत, गर्भलिंग निदानाचा कायदा नीट राबवा, असं ते म्हणत होते. मुली कमी, त्यात शेती करणाऱ्याला मुलगी मिळेना, अशा ठिकाणी दलाल उगवतो. तो मुलाकडून पैसे घेतो आणि लांबच्या, बहुतेक वेळा परराज्यातल्या गरीब घरातली मुलगी ‘दाखवतो’. कधी मुलाकडचे फसतात, नवरी चार दिवसांत दागिने घेऊन जाते. त्याच्या बातम्या होतात. कधी मुलगीच विकली गेलेली असते. तिची बातमी होत नाही, कारण तिची भाषाच गावात कुणाला येत नाही.

इथं सोलापूरचा फायदा आहे. आपल्या शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरोघरी, अक्कलकोट-दक्षिण सोलापुरात कन्नड, हिंदी सगळ्यांना. अशी नवी सून गावात आली तर तिची भाषा बोलणारी बाई हळदीकुंकवाच्या निमित्तानं तिच्याशी बोलू शकते. माहेरी फोन होतो का? आधार कार्ड कुणाकडं आहे? वय किती? मुलगी अठराच्या खालची असेल तर गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कधीकधी ग्रामसेवकालाही.

मुलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, अपवाद फक्त शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार आणि बालकलाकार एवढाच. चौदा ते अठरा या वयात धोकादायक कामाला नाही. हायवेवरचे ढाबे, चहाच्या टपऱ्या, यात्रेतले पाळणे, पंढरपूरला वारीत भीक मागणारी लेकरं. लहान लेकरू दिवसभर कडेवर झोपलेलंच असेल, कितीही गोंगाटात उठत नसेल, तर ते नीट बघा. २०२२ मध्ये इगतपुरी भागातली कातकरी मुलं थोडक्या पैशांत मेंढरं राखायला दिल्याची प्रकरणं उघड झाली होती. ‘पोरगं राखणीला आहे’ हे वाक्य आपल्याही माळावर नवं नाही.

परदेशी नोकरी. यात शिकलेली पोरं अडकतात. थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, पगार घसघशीत, राहणं-खाणं फुकट. विमानतळावरून उचलून म्यानमारच्या सीमेवरच्या कुंपणबंद वसाहतीत नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तपासायचं सोपं आहे. एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतो का? परवानाधारक एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि नोकरीसाठी टुरिस्ट व्हिसा म्हणाला, तर तिथंच चहा संपवून उठा.

चौथी पायरी : बोलायचं कसं

एकट्यानं, आणि मालकासमोर नाही. ‘तुम्हाला डांबून ठेवलंय का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येणार. प्रश्न साधे ठेवा. गावाकडं कधी गेला होता? पगार हातात येतो का वहीत? आजारी पडल्यावर कुणाला विचारून दवाखान्यात जाता? पोरगं कुठल्या शाळेत? मोबाईल तुमचाच का? उत्तरापेक्षा उत्तर देताना नजर कुणीकडं जाते ते बघा.

बायकांशी बाईनंच बोलावं. वचन काही देऊ नका, ‘उद्या सोडवतो’ तर मुळीच नाही. फोटो काढू नका, व्हिडिओ तर नकोच. अल्पवयीन मुलाची किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो बहुतेकदा भलं करायला निघालेल्यांकडूनच घडतो.

पाचवी पायरी : फोन करा, धाड टाकू नका

ही पायरी मी चूक करून शिकलो. वरच्या वहीचं प्रकरण होतं. मी आणि दोन पोरं मोटारसायकलवरून थेट भट्टीवर गेलो. मालकाशी तोंडातोंडी झाली. कायदा सांगितला, कलमं फेकली, छाती फुगवून परत आलो. दुसऱ्या दिवशी पोलीस घेऊन गेलो तर खोपटं रिकामं. चूल अजून कोमट होती. रातोरात त्या घराला दुसरीकडं हलवलं होतं, वही तर गेलीच. पुढं तीन आठवड्यांनी ते कुटुंब सापडलं, तेही दुसऱ्याच कुणीतरी कळवलं म्हणून. त्या तीन आठवड्यांचा हिशेब माझ्याकडं आहे.

तर, क्रमांक. तातडीचं काहीही असेल तर ११२. मूल असेल तर १०९८. बाईसाठी १८१. गाडीत किंवा स्टेशनवर असाल तर १३९. सोलापूर जंक्शन मुंबई आणि दक्षिणेच्या मार्गावर आहे, त्यामुळे हा शेवटचा नंबर इथं फार कामाचा. रेल्वे सुरक्षा दल पुढच्या स्टेशनवर तयार राहतं, पण त्यासाठी गाडी, डबा आणि आसन क्रमांक नीट सांगावा लागतो. ‘गाडीत एक संशयित बाई आहे’ एवढ्यानं काही होत नाही.

फोनवर सांगायचं ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. कुठं (खूण, रस्ता, जवळचं गाव), किती माणसं, त्यात मुलं किती, कधीपासून, गाडीचा नंबर, आणि धोका आत्ताचा आहे का. ‘मला वाटतं’ वेगळं ठेवा. फोन केल्याची वेळ आणि उचलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

शहरात पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्यात सोलापूर ग्रामीण पोलीस. तस्करीसाठी वेगळा कक्ष असतो, अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष याच नावाचा. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर ‘झिरो एफआयआर नोंदवा’ म्हणा. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घेऊन तो पुढं पाठवायची तरतूद आता कायद्यातच आहे.

वेठबिगारीचं असेल तर तक्रार लेखी द्या आणि ती प्रांताधिकारी, तहसीलदार आणि जिल्हाधिकारी या तिन्ही टेबलांवर पोच घेऊन द्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख. त्याशिवाय तक्रार दिलीच नाही असं धरून चाला.

हरवलेलं मूल : ही पायरी वेगळी का लिहितोय

कारण इथं वेळ जातो तो लाजेनं. सोळा वर्षांची पोरगी घरातून गेली की घरचे आधी पाहुण्यांकडं फोन करतात, मग देवर्षाकडं जातात, मग म्हणतात ‘बोभाटा नको’. चोवीस तास थांबायचा नियम कुठंही नाही. अठराखालचं मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा लगेच नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. ठाण्यात जाताना अलीकडचा फोटो, जन्मतारखेचा पुरावा, अंगावरच्या कपड्यांचं वर्णन, तिचा नंबर, आणि ती वापरत असलेली इन्स्टाग्रामसारखी खाती एवढं घेऊन जा. तिचा घरी राहिलेला मोबाईल असेल तर चाळत बसू नका, तसाच पोलिसांकडं द्या.

आणि पोरगी परत आली, तर ‘कुणाबरोबर गेली होती’ हा प्रश्न गल्लीनं विचारायचा नसतो. पुन्हा तोच दलाल दारात यायला गल्लीतली ही चौकशी पुरते.

सहावी पायरी : सुटल्यानंतर

मंडळाची पोरं इथपर्यंत टिकत नाहीत. सुटकेच्या दिवशी फोटो होतात आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं.

मूल असेल तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं उभं करावं लागतं. कुठं ठेवायचं हे ती समिती ठरवते, सरपंच नाही. बाई असेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, वैद्यकीय मदत आणि वकील मिळतो. लैंगिक अत्याचार असेल तर राज्याच्या मनोधैर्य योजनेतल्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. वकील फुकट मिळतो, त्यासाठी १५१०० या नंबरवरही बोलता येतं.

वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी एक कागद सोन्याच्या मोलाचा : मुक्तता प्रमाणपत्र. तो जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी देतात. तो नसेल तर त्या कुटुंबाला नुसतं ‘घरी पाठवलं’ एवढंच घडतं, आणि पुढच्या हंगामात ती दुसऱ्या भट्टीवर दिसतात. केंद्राच्या योजनेत ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आहे. पुनर्वसनासाठी प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि तस्करी, देहविक्रय अशा गंभीर प्रकरणांत ३ लाखांपर्यंत तरतूद आहे. पुनर्वसनाची मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असते, म्हणून साक्षीदार टिकले पाहिजेत. तारखेला कोर्टात जायचं भाडं, त्या दिवसाचा बुडालेला रोज, बरोबर एक ओळखीचं माणूस. देणगी गोळा करायचीच असेल तर यासाठी करा.

सातवी पायरी : जायच्या आधीची वही

आता आपली वही. आधीच्या वहीला उत्तर म्हणून मी ही गावागावांत सुरू करायला सांगतो. अंगणवाडीत ठेवा, नाहीतर बचत गटाकडं. दसरा झाला की घरोघर फिरून लिहा : कोण निघालं, बरोबर मुलं किती, कुठल्या मुकादमाबरोबर, त्याचा नंबर, उचल किती, कारखाना किंवा भट्टीचं गाव, गाडीचा नंबर, आणि घरी मागं राहिलेल्या एका माणसाचा फोन. मुकादमाला कळू द्या की लिहिलंय. लिहितात म्हटल्यावर तो जरा जपून वागतो, हा माझा अनुभव आहे. प्रामाणिक मुकादम तर स्वतःहून नंबर देतो.

जाणाऱ्या बाईच्या फोनमध्ये ११२ आणि १०९८ सहसा सेव्ह केलेले नसतात. तिच्यासमोर ‘आक्का’ नावानं सेव्ह करून द्या, आणि गावातला तुमचा नंबर ‘आक्का २’. नंबर कुणाचा ते मालकानं फोन बघितला तरी पटकन कळत नाही.

वहीच्या शेवटच्या रकान्यावर लिहा : परत आले. गुढीपाडवा झाला, पट्टे पडले म्हणजे हंगाम संपला, की आठ दिवसांनी वही उघडून त्या रकान्यात खुणा करत जा. जोडपं आलं पण पोरगं आलं नाही, असंही कधी असतं, म्हणून मुलं वेगळी मोजा. खूण राहिलेल्या घराची कडी त्याच संध्याकाळी वाजवा.